मी वाजवलेला पिपा

गेल्या हिवाळ्यात दोन महिन्यांच्या सुट्टीवर गावी गेलो, त्याच्या चौथ्या दिवशी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक सर सकाळीच घरी आले. दारात त्यांना पाहून माझी नजर आधी मागच्या दाराकडं गेली. आठवी अर्ध्यावर सोडून मी मजुरीला लागलो तेव्हा हेच सर मला परत न्यायला तीनदा घरी आले होते, आणि तिन्ही वेळा मी मागच्या दारानं पळालो होतो.

"आता पळू नको बाप्पा," सर उंबऱ्यातूनच म्हणाले. "माहे गुडघे गेले. तुह्या मागं कोण धावंन?"

माय तूरडाळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला केलं, सरांना खुर्ची दिली, आणि मला डोळ्यानं खुणावलं, उभा काय राह्यला, पाणी आण. मी पाणी आणलं. सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"शनिवारी शाळेत येजो. वादविवाद स्पर्धा हाये. तुले परीक्षक केलं."

"मले?"

"तुलेच."

"सर, मी आठवी पास बी नाही."

"ते तू मले सांगतं? तुह्या दाखल्यावर सही माही हाये. विषय तर ऐक." त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचायचे तसं वाचलं, "'निरपराध नागरिकांच्या रक्षणासाठी इतर देशांनी आपले सैन्य पाठवणे योग्य आहे.' एक पोट्टी बाजूनं बोलंन, एक विरोधात. आता सांग, या भागात हे कोणी डोळ्यानं पाह्यलं? मी पाह्यलं? पोस्टमास्तरनं पाह्यलं? आम्ही पाह्यलं ते टीव्हीवर, भाकर खाता खाता. जितणारी पोट्टी जिल्ह्याले जाईन. तू येजो."

मी नाही म्हणणार होतो. पण माय आधीच म्हणाली, "येईन तो. काहून नाही येणार?"

गावात माझी जी काय थोडी इज्जत आहे, ती त्या एका गोष्टीची आहे. आता मी वाळवंटातल्या एका कामगार वस्तीच्या खानावळीत स्वयंपाकी आहे, पण त्याआधी आफ्रिकेतल्या एका देशात होतो. तिथं आपसातली लढाई चालली होती. लोकांना वाचवायला अनेक देशांनी मिळून सैन्य पाठवलं होतं आणि त्या सैन्याच्या तळावर एका कंत्राटदारामार्फत मी जेवण बनवायचो. सैनिकांच्या टोप्या निळ्या. मायला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती केवढी निवांत झाली! तिच्या लेखी निळा म्हणजे आपला रंग, आमच्या नगरातल्या, म्हणजे गावाकडेच्या आमच्या वस्तीतल्या, झेंड्याचा. बाजारात ती बायांना सांगायची, "बाबू निळ्या टोपीवाल्याइच्या संग हाये. मले आता चिंता नाही." त्या टोप्यांचा आणि आपल्या झेंड्याचा काही संबंध नाही, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. तिला झोप लागत होती, ती मी कशाला मोडू?

मग त्या गावात गोळीबार सुरू झाला. सैनिकांनी फाटक उघडून लोकांना आत घेतलं, आणि पुढं मलाही विमानात बसवून बाहेर काढलं. त्या माणसांचे उपकार मी आजही मानतो. माझ्या ताटातला प्रत्येक घास त्यांच्यामुळं आहे. गावाला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच. सरांना ठाऊक होती ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी बाजूनं बोलणारी मुलगी वही घेऊन घरी आली. नववीतली. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची नात.

गिरणीचं थोडं सांगावं लागेल. मी सहावीत असताना गावात झेंड्याच्या खांबावरून भांडण झालं आणि आमच्या नगरावर दगड आले. पोलिसांची गाडी आली, नगराच्या तोंडाशी चार दिवस उभी राहिली. ते चार दिवस आम्ही पोरं गाडीच्या आजूबाजूला खेळलो, एका शिपायानं आम्हाला चिंचा दिल्या. पाचव्या दिवशी गाडी गेली. त्यानंतर दोन महिने गिरणीवाल्यानं आमची ज्वारी दळली नाही. म्हणायचा, पट्टा तुटला. माय डोक्यावर पायलीभर ज्वारी घेऊन शेजारच्या गावी जायची. मी एकदा चिडून म्हणालो की गाडी आलीच कशाला. तेव्हा तिनं मला झापलं होतं. "गाडी आलती म्हून घर उभं हाये. पण गाडीले का माहीत, का गिरणी कोणाची हाये?"

आता त्याच गिरणीवाल्याची नात आमच्या खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, मायच्या हातचा चहा बशीत ओतून पीत होती. माय तिच्याकडं पाहत होती आणि तिला आणखी एक बशी द्यावी का, या विचारात होती.

"काका, मले सगळं सांगा. भीती वाटली का?"

"मले तर आताबी वाटून राह्यली."

"आता कायची?"

"तू लिहून राह्यली नं, त्याची."

ती खळखळून हसली. मी सांगत गेलो. पहाटे गोळ्या कशा सुरू झाल्या, लोक कोंबड्या, गाद्या, म्हातारी माणसं घेऊन फाटकाशी कसे जमले, सैनिक कसे उभे होते, फाटक कसं उघडलं, मग त्या एवढ्या लोकांसाठी आम्ही खिचडी कशी शिजवली. ती भराभर लिहीत होती. मी एक गोष्ट वगळली. ती वगळून सांगायची मला इतकी सवय झाली होती की कुठं थांबायचं आणि कुठून पुन्हा धरायचं, ते जीभ आपोआप करायची.

वगळलेली गोष्ट ही.

तळाला पुढून फाटक होतं, आणि मागच्या बाजूला, आमच्या स्वयंपाकघराला लागून, काटेरी तारेची भेंडोळी. तारेपलीकडं नाला, आणि नाल्यापलीकडून लाल मातीचा रस्ता जायचा. एक बाई रोज त्या तारेशी यायची. तिच्याकडं एका पाल्याच्या जुड्या असायच्या. पहिल्या दिवशी मी पान तोडून चावलं आणि मला हसूच आलं. आंबट. आपली अंबाडीच, थोडी रुंद पानाची. मी ती तुरीच्या डाळीत, तांदळाच्या कण्या टाकून शिजवली. ज्वारीच्या कण्या तिथं नव्हत्या. परक्या देशात त्या दिवशी मी पोटभर जेवलो. पाल्याच्या बदल्यात तिला पैसे नको असायचे. तिला हवा असायचा तेलाचा रिकामा पिपा, पत्र्याचा मोठा डबा. दोन जुड्यांना एक पिपा. पाणी भरायला, धान्य ठेवायला, कापून छपरावर ठोकायला. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती दोन बोटं दाखवायची, मी एक. मग ती मान हलवायची आणि पिपा डोक्यावर ठेवून नाला उतरून जायची.

गोळीबार झाला त्या दिवशी दुपारपर्यंत पुढचं फाटक बंद होतं. कुठून तरी लांबून, वरून, परवानगी यायची होती असं आम्ही ऐकत होतो. आत घ्यावं की न घ्यावं, घेतलं तर एकाची बाजू घेतली असं होईल का, असं काही चाललं होतं म्हणे. पुढं जागा उरली नाही तसे लोक मागच्या तारेशीही जमायला लागले. आमच्या मुकादमानं सांगितलं, तारेवरून पाण्याच्या बाटल्या दे. मी देत होतो. मागचे पुढच्यांना ढकलत होते आणि पुढचे तारेत रुतत होते. ती बाईही होती, तिसऱ्या की चौथ्या ओळीत. माझ्याकडं पाहून तिनं हात वर केला. तिच्या पुढं एक लहान मूल तारेला दाबलं गेलं होतं, त्याचा गाल काट्यावर होता. मी ओरडलो, मागं सरका, मागं सरका. माझं कोणाला कळणार?

लहानपणी मी राखणीला जायचो. तुरीच्या शेतात रोही, म्हणजे नीलगाई, घुसले, रानडुकरं घुसली, की दगड मारून भागत नाही. रिकामा पिपा घ्यायचा आणि काठीनं बडवायचा. तो आवाज जनावराच्या पोटात जातो, ते मागं सरतं. आमच्याकडं ज्या पोरानं राखण केली, त्याच्या हाताला हे शिकवावं लागत नाही. त्या दिवशी माझ्या हातानं तेच केलं. चुलीशी एक रिकामा पिपा ठेवला होता. त्या बाईसाठीच बाजूला ठेवला होता. मी तो उचलला आणि लोखंडी झाऱ्यानं बडवला.

लोक मागं सरकले. आधी एक पाऊल सरकले, ते मूल तारेवरून सुटलं. मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी जोरानं बडवला. मग ते सगळेच्या सगळे फिरले आणि पळाले. नाल्यात उतरले, नाला चढले आणि लाल रस्त्याकडं गेले. मी झारा हातात धरून पाहत राहिलो. आपण केलं काय, हेच कळेना. थोड्या वेळानं रस्त्याच्या बाजूनं गोळ्यांचा आवाज आला.

आमच्याकडं बटाटे सोलायला त्याच गावातला एक म्हातारा माणूस होता, त्याला मोडकी हिंदी यायची. त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. हत्यारवाले गावात शिरले की गावातले लोक घरोघर डबे वाजवतात. डबा वाजला की विचारायचं नाही, पळायचं. "तूने उनको बोला, वो लोग आ गया," तो म्हणाला. रागावून नाही. बटाटा सोलता सोलता.

आणि पिपा वाजल्यानंतर फार तर तासाभरात एका अधिकाऱ्यानं पुढचं फाटक उघडलं. परवानगी आली होती की त्यानं वाट पाहणं सोडलं, ते मला माहीत नाही. उघडल्यावर सैनिकांच्या चिलखती गाड्या बाहेर गेल्या, त्या लाल रस्त्यावरही गेल्या, आणि जे सापडले त्यांना घेऊन आल्या. एक सैनिक दंडात गोळी घेऊन आला. माझ्याच वयाचा, रोज जास्तीची मिरची मागायचा. ज्यांना त्यांनी आणलं, त्यांना मी खिचडी वाढली. प्रत्येक तोंड पाहिलं. ती बाई त्यात नव्हती. त्यानंतर तीन आठवडे मी तिथं होतो आणि रोज मागच्या तारेशी जाऊन उभा राहायचो. ती आली नाही. पुढच्या फाटकातून दुसऱ्याच कुठल्या टोकाला गेली असेल, तळ केवढा मोठा, असं मी स्वतःला सांगतो. सांगून पाहतो.

शनिवारी शाळेच्या मैदानात मांडव टाकला होता. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि पहिल्या ओळीत, गिरणीवाल्याच्या सुनेच्या शेजारी जाऊन बसली. आम्ही तिघं परीक्षक टेबलाशी. मधे सर, एका बाजूला पोस्टमास्तर, एका बाजूला मी. समोर गुणांचा कागद. 'मुद्दे', 'भाषा', 'सादरीकरण'.

पोस्टमास्तर वाकून मला म्हणाले, "भाऊ, कोणालेच दहाच्या वर देऊ नका. कागद दहाचाच हाये."

गिरणीवाल्याची नात आधी उठली. पोरगी काय बोलली! वहीत लिहिलेलं एकही वाक्य तिनं पाहून वाचलं नाही. फाटकाशी जमलेले लोक तिनं असे उभे केले की मागच्या बाजूच्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावत होत्या. ती म्हणाली, "शेजाऱ्याच्या घरात मारहाण चालू असेल तर आपण दार ठोठावतो की नाही? त्याचं घर म्हणून गप्प बसतो का?" आणि शेवटी तिनं माझ्याकडं हात केला. "त्या दिवशी ते सैन्य तिथं नसतं, ते फाटक उघडलं नसतं, तर आज या टेबलाशी आमचे हे काका बसलेले नसते!"

टाळ्या पडल्या. माय टाळ्या वाजवत होती. सगळे माझ्याकडं पाहत होते आणि मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दुसरी मुलगी आमच्याच नगरातली, दहावीतली. तिची सुरुवात अडखळली. परदेशी सैन्यं कुठं कुठं तेलासाठी गेली, वाचवायच्या नावानं जाऊन बसलीच, निघाल्यावर मागं काय उरलं, असं पाठ केलेलं बोलत होती. मधेच तिचं पाठांतर तुटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बोल वं, भेऊ नको." मग ती कागद खाली ठेवून म्हणाली, "माझ्या मैत्रिणीनं फाटक उघडल्याचं सांगितलं. ते बंद किती वेळ होतं, हे सांगितलं नाही. किल्ली एकाजवळ, जीव दुसऱ्याचा. जे बाहेर राहिले, त्यांना कोणत्या स्पर्धेत बोलवायचं?" आणि बसली. वेळ उरला होता, तरी बसली.

सरांनी गुण मांडले. पोस्टमास्तरांनी पहिलीला जास्त दिले होते, सरांनी दुसरीला. दोघींची बेरीज सारखी. माझा कागद कोरा होता.

"अबे, भर नं," सर हळूच म्हणाले. "पेपर तपासाले वेळ लागते, ते आता समजलं का तुले?"

मी सरांना म्हणालो, मला माईकवर दोन शब्द बोलायचेत. त्यांना वाटलं आभार मानायचेत. ते खूश झाले.

मला आठवतं ते असं. मी म्हणालो, "गिरणीवाल्याइच्या पोरीनं जे सांगतलं ते सारं खरं हाये. मी तिले सांगतलं तेवढं खरं हाये. एक गोष्ट मी तिले सांगतली नाही. तिचा त्याच्यात काई दोष नाही." आणि मी पिपा सांगितला. बाई, अंबाडी, दोन बोटं, झारा, नाला, लाल रस्ता. माईक मधेच खरखरत होता. राखणीचं सांगितलं तेव्हा समोरच्या दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, त्यांच्याही हातांनी पिपे बडवले होते. नंतर कोणीच मान हलवली नाही.

मी थांबलो. मग मागून एक बाप्या ओरडला, "मंग सैन्यानं जावं का जाऊ नये, ते सांग नं भाऊ! आमाले घरी जेवाले जाचं हाये."

थोडे हसले. मलाही त्या हसण्यानं जीव आला. मी म्हणालो, "जावं."

मग म्हणालो, "मी जावं म्हंतो, कारण मी आतून होतो. तारेच्या आतून कोणीबी हेच म्हणंन. त्या गाड्या रस्त्यावर गेल्या नसत्या, तर आणले तेवढेबी आले नसते, ते म्या डोळ्यानं पाह्यलं. पण मले परीक्षक कराले नाही पाह्यजे होतं. माही माय सांगते, पोलिसाची गाडी आलती म्हून घर राह्यलं, पण गाडीले गिरणी माहीत नव्हती. मले त्या गावाचा डबा माहीत नव्हता. वाचवाले गेलेल्याले तठचं काईच माहीत नसते, आन् त्याच्या हातात काय ना काय असतेच. बंदूक नाही तर पिपा. जाण्याच्या आधी कोणी त्या लोकाइले विचारलं असतं, का बाप्पा, तुमच्यात डबा वाजला म्हंजे काय, तर..." मी सरांकडं पाहिलं. सर टेबलाकडं पाहत होते.

गिरणीचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं होतं. गिरणीवाल्याची सून ताठ होऊन बसली. माय तिच्या शेजारीच होती.

मी जागेवर येऊन कागद भरला. पहिली गिरणीवाल्याची नात. ती चांगलीच बोलली होती आणि तिच्या भाषणात जे अर्धं होतं, ते माझं होतं, तिचं नव्हतं. निकाल वाचला तेव्हा टाळ्या तुटक पडल्या. पोरगी बक्षीस घ्यायला आली, माझ्यासमोर थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा.

"काका, मले आधी काहून नाही सांगतलं?"

"भेव वाटलं."

"आता मी जिल्ह्याले जाऊन काय बोलू? हेच भाषण करू का? तुमाले माहीत होतं का हे खोटं हाये, आन् मी तुमच्यासमोर उभी राहून, हात करून..."

"खोटं नाही वं बाई."

"मंग काय हाये?"

तिच्या आईनं तिला हाताला धरून नेलं.

घरी जाताना माय माझ्या पुढं चालत होती. एरवी तिला मागं वळून हाक मारावी लागते, इतकी ती रस्त्यात दहा जणींशी बोलत थांबते. त्या दिवशी कुठंच थांबली नाही. घराशी आल्यावर तिनं लुगडं बदललं, चूल पेटवली आणि माझ्याकडं न पाहता विचारलं,

"तो पिपा तिच्यासाठीच ठेवलता?"

"हो."

"मंग तिले देला का नाही?"

"नाही, माय. ती परत आलीच नाही."

तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली. "निळ्या टोपीवाले होते नं तठी," ती म्हणाली. मी म्हणालो, होते. तिनं भाकर माझ्या ताटात टाकली. उरलेल्या सुट्टीत बाजारात कोणी माझी चौकशी केली की ती "बरा हाये" एवढंच सांगायची. पाठीवर पोतं टाकून ज्वारी दळायला मीच न्यायचो. गिरणी चालू होती. गिरणीवाला म्हातारा माझं दळण घ्यायचा, पण पूर्वीसारखं "बस" म्हणायचा नाही. पीठ ऊन ऊन पिशवीत भरायचा आणि पिशवीचं तोंड मला बांधू द्यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मी सरांना भेटायला गेलो. म्हणालो, सर, चुकलं का माझं? सरांनी मला खुर्ची दिली. मग म्हणाले, "तीन डाव तुह्या घरी आलतो मी. तुले धरून शाळेत आणलं असतं तर तू तठी गेलाच नसता. मलेबी त्या दिवशी रात्रभर हेच आठवून राह्यलं." मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

आता मी पुन्हा इथं आहे. कामाबद्दल माझी तक्रार नाही. मालक बरा आहे, खोली थंड असते. पण आजूबाजूच्या देशांतून पुन्हा लढाईच्या बातम्या येतात आणि खानावळीत जेवताना सगळे तेच बोलतात. बाहेरून कोणी सैन्य धाडलं पाहिजे, धाडू नये, धाडलं तर कोणी. मला कोणी विचारलं तर मी अजून भाजी घे म्हणतो. तेलाचा पिपा रिकामा झाला की मी आधी त्याला पायाखाली चेपतो. चेपलेला पिपा वाजत नाही. भंगारवाला म्हणतो, चेपू नको, चांगला पिपा जास्त कामाचा. मी ऐकत नाही.

मागच्या महिन्यात गिरणीवाल्याच्या नातीचा मोबाईलवर संदेश आला. तिनं बोलून पाठवला होता. जिल्ह्याची स्पर्धा झाली. तिनं भाषणात पिपा टाकला होता. तिथल्या परीक्षकांनी तिचे गुण कापले, म्हणाले, मुली, तू बाजूनं बोलतेस की विरोधात, तेच कळत नाही. तिचा नंबर आला नाही. "तुमच्या नगरातली" म्हणून ती त्या दहावीतल्या मुलीबद्दल बोलत होती, दोघी मिळून भाषण लिहायला बसल्या होत्या म्हणे. कुठं बसल्या, गिरणीवर की नगरात, ते तिनं सांगितलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "काका, भाषण झाल्यावर एका मॅडमनं विचारलं, का त्या बाईचं नाव काय होतं? मी म्हटलं, विचारून सांगीन. काय होतं नाव?"

मी कांदा चिरत होतो. हात धुतले, पुसले आणि लिहायला बसलो. तीनदा लिहून पुसलं. मग एवढंच पाठवलं, की नाव मी कधी विचारलं नाही. ती दोन बोटं दाखवायची, मी एक.